तोंड उघडत नाही तेव्हा धरून कोण ठेवतं?

प्रश्न फिजिओथेरपी शिकणाऱ्या एका मुलीचा आहे आणि खरं तर ते दोन प्रश्न आहेत. एक पुस्तकातला. चावण्याचे स्नायू चार, त्यातले तीन जबडा मिटवतात आणि एकच उघडतो, मग तिघांपुढे एकट्याचा निभाव लागतो कसा? दुसरा घरातला. काकांचं तोंड गेल्या सात-आठ महिन्यांपासून, न दुखता, कमी कमी उघडत चाललंय, आता जेमतेम दोन बोटं आत जातात. उघडणारा स्नायू दुबळा झाला असेल तर त्याला व्यायाम कोणता द्यायचा?

घरातल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते थांबण्यासारखं नाही. काकांचा उघडणारा स्नायू दुबळा झालेला नसणार. मी बावीस वर्षं नागपुरात जबड्याच्या शस्त्रक्रिया करते. "तोंडच उघडून नाही राहिलं मॅडम" असं म्हणत जवळपास रोज कुणी ना कुणी समोर येऊन बसतं. उघडणारे स्नायू अशक्त झाले म्हणून तोंड उघडत नाही, असा पेशंट इतक्या वर्षांत मला आठवत नाही. दर वेळी जबडा दुसऱ्याच कुणीतरी धरून ठेवलेला असतो. कधी मिटवणारा स्नायू आखडलेला असतो, कधी गालाचं आतलं अस्तर दोरीसारखं ताठ झालेलं असतं, कधी सांधाच अडकलेला असतो. तेव्हा व्यायाम नंतर, आधी धरून कोण ठेवतंय ते शोधायचं. आणि ते शोधायचं तर हे स्नायू पुस्तकातल्या चित्रात नाही, स्वतःच्या चेहऱ्यावर ओळखता आले पाहिजेत.

दोन्ही हातांची बोटं गालांवर ठेवा, कानाच्या पाळीच्या खाली आणि थोडी पुढे, जबड्याच्या कोपऱ्यावर. आता दाढा घट्ट आवळा. बोटांखाली जो टणक गठ्ठा उठतो तो मॅसेटर. गालाच्या हाडाची कमान पुढून कानाकडे जाते, तिच्यापासून निघून हा स्नायू खाली जबड्याच्या कोपऱ्यावर येऊन चिकटतो. त्याचे दोन थर असतात असं आम्ही शिकलो. 2021 मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचा आणखी एक खोलवरचा थर नीट वेगळा करून दाखवला. शतकानुशतकं चिरून पाहिलेल्या स्नायूतही काही पाहायचं राहिलेलं असतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता बोटं वर कानशिलावर न्या आणि पुन्हा दाढा आवळा. इथे जे फुगतं ते टेम्पोरॅलिस. डोक्याच्या बाजूला हा पंख्यासारखा पसरलेला असतो. त्याचे सगळे धागे खाली एकवटतात, गालाच्या कमानीच्या आतून उतरतात आणि जबड्याला पुढच्या बाजूला जे शिंगासारखं टोक असतं त्याला धरतात. पुढचे धागे उभे, ते जबडा वर ओढतात. मागचे धागे जवळजवळ आडवे, ते जबडा मागे खेचतात. आजारपणाने खंगलेल्या माणसाची किंवा थकलेल्या आजीची कानशिलं खोल गेलेली दिसतात ना, तिथली पोकळी म्हणजे आटलेला टेम्पोरॅलिस. आणि संध्याकाळी कानशिलं ठणकतात म्हणून बाम चोळणाऱ्या कितीतरी लोकांचं दुखणं डोक्यातलं नसतं, दिवसभर आवळून धरलेल्या या स्नायूचं असतं.

तिसरा मेडियल टेरिगॉइड. तो बाहेरून हाताला लागत नाही. मॅसेटर जबड्याच्या कोपऱ्याला बाहेरून धरतो तसा हा आतून धरतो, आणि दोघं मिळून जबडा झोळीत घेतल्यासारखा पेलतात. खालची दाढ बधिर करायला आम्ही सुई टोचतो ती याच्या अगदी शेजारून जाते. कधी सुई स्नायूतच शिरते, आत थोडं रक्त साकळतं आणि दाढ छान निघूनही पुढे आठ-पंधरा दिवस तोंड उघडत नाही. अक्कलदाढेच्या मागे पू झाला की त्याची झळही आधी यालाच लागते. तेव्हा "अक्कलदाढ दुखते आणि दोन दिवसांपासून घासही जात नाही" असं कुणी सांगितलं, तर तोंडात पाहण्याआधीच जबडा कुणी धरलाय याचा अंदाज आलेला असतो.

या तिघांची ताकद किती? दात शाबूत असलेला साधारण माणूस दाढांनी 50 ते 70 किलो वजनाएवढा दाब देऊ शकतो. पुढच्या दातांनी त्याच्या निम्मासुद्धा येत नाही, कारण ते सांध्यापासून आणि स्नायूंपासून लांब पडतात. अडकित्त्यात सुपारी टोकाशी न धरता बिजागरीजवळ सरकवतात, तेच गणित. ऊस आपण सुळ्याशी आणि त्याच्या मागच्या दाताशी धरून सोलतो आणि कांडं चघळायला दाढेखाली घेतो, ते कुणी शिकवावं लागत नाही.

आता चौथा, लॅटरल टेरिगॉइड, पुस्तकातला एकटा उघडणारा. तर्जनी कानाच्या भोकाच्या लगेच पुढे ठेवा आणि तोंड हळूहळू उघडा. आधी बोटाखाली काहीतरी जागच्या जागी फिरल्यासारखं वाटेल. मग साधारण दोन सेंटिमीटरच्या पुढे गेल्यावर ते गोलसर टोक पुढे घसरेल आणि बोटाखाली खळगा पडेल. कोपरासारखे सांधे दाराप्रमाणे जागेवर फिरतात. हा सांधा आधी फिरतो आणि मग खाचेतून पुढे सरकतो. सरकल्याशिवाय तोंड पूर्ण उघडतच नाही. ते टोक पुढे ओढायचं काम लॅटरल टेरिगॉइडचं, आणि म्हणून तो इतरांसारखा उभा नसून आडवा आहे. कवटीच्या तळापासून निघून थेट मागे, जबड्याच्या मानेला. त्याची दोन मुळं आहेत. खालचं मूळ उघडताना काम करतं आणि वरचं मिटवताना, म्हणजे उघडणारा म्हणून शिकवला जाणारा हा स्नायूही निम्मा मिटवणाऱ्यांच्या बाजूचा. एका बाजूचा आखडला तर जबडा दुसऱ्या बाजूला ढकलला जातो. लुळा पडला तर उघडताना हनुवटी त्याच बाजूला वळते.

तरी तो एकटा नाही, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. "चावण्याचे चार स्नायू" ही यादी कामावरून केलेलीच नाही. गर्भात एकाच कमानीपासून घडलेले, एकाच नसेवर चालणारे आणि कवटीपासून निघून जबड्याला धरणारे, असे हे चौघं आहेत. उघडण्याच्या कामाचे बाकीचे मजूर पुस्तकात मानेच्या प्रकरणात सापडतात. हनुवटीखाली मूठ ठेवा आणि मुठीला न जुमानता तोंड उघडायचा प्रयत्न करा. दुसऱ्या हाताचं बोट हनुवटीच्या मागे, गळ्याच्या वरच्या मऊ भागात दाबून पाहा. जे ताठतं त्यात डायगॅस्ट्रिक या दोन भागांच्या स्नायूचं पुढचं पोट, म्हणजे पुढचा भाग, आहे आणि त्याच्या वर मायलोहायॉइड आणि जेनिओहायॉइड. हे सगळे हनुवटीपासून गळ्यातल्या हायॉइड हाडाकडे जातात. ते हाड शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नाही, स्नायूंवर नुसतं टांगलेलं आहे. त्याला मानेतले खालचे स्नायू घट्ट धरतात तेव्हा वरचे जबडा खाली ओढू शकतात. उलट जबडा मिटून स्थिर असेल तेव्हा हेच स्नायू हायॉइड वर उचलतात, म्हणजे आपण गिळतो. आ वासून आवंढा गिळून पाहा, जमता जमत नाही. एकच दोरी दोन कामांना आहे आणि दोन्ही एका वेळी होत नाहीत.

या कामगारांच्या नसासुद्धा एक नाहीत. डायगॅस्ट्रिकच्या पुढच्या पोटाला चावण्याच्या स्नायूंचीच नस, मागच्या पोटाला चेहऱ्याची नस, जेनिओहायॉइडला मानेच्या पहिल्या मणक्याकडून येणारे धागे. उघडणं असं तीन ठिकाणांहून चालतं. एक नस गेली तरी तोंड पूर्ण बंद पडत नाही. "उघडणारे अशक्त" असं निदान करताना मी एवढी का कचरते, ते यावरून लक्षात येईल.

आणि उघडायला ताकद मुळात लागते किती? एसटीत खिडकीशी बसून झोपलेल्या माणसाकडे पाहा. डोळा लागला, मिटवणारे स्नायू सैल पडले आणि तोंड आपोआप उघडलं, जबड्याच्या वजनानेच. जागेपणी ते मिटलेलं राहतं कारण मिटवणारे स्नायू आपल्या नकळत थोडा ताण धरून असतात. मगरीत हा फरक टोकाला गेलेला आहे. सांगलीत कृष्णेत किंवा चिपळूणला वाशिष्ठीत मगरी आहेत. मगरीचा जबडा मिटण्याचा जोर कशालाच ऐकणारा नाही, पण एकदा मिटला की तो नुसत्या दोरीने बांधून ठेवता येतो. उघडणाऱ्या स्नायूंत ती दोरी तोडण्याइतका जोर नाही.

माणसात याहून नाजूक गोष्ट घडते आणि ती आपण सगळ्यांनी अनुभवलेली असते. जेवताना भातात खडा लागतो. "खडा" हा विचार मनात यायच्या आतच जबडा थांबलेला असतो. दातांच्या मुळांभोवती दाब ओळखणारे मज्जातंतू आहेत. त्यांनी निरोप दिला की सेकंदाच्या एक-दोन शतांश भागात मिटवणारे स्नायू गप्प होतात. आपल्याला वाटतं आपण झटकन तोंड उघडलं. प्रत्यक्षात मिटवणाऱ्यांनी सोडलेलं असतं. ताण मोजणारी यंत्रणाही मिटवणाऱ्या स्नायूंतच गच्च भरलेली आहे, उघडणाऱ्यांत ती जवळपास नाहीच. म्हणून माझ्या लेखी तोंड उघडणं म्हणजे आधी मिटवणाऱ्यांनी सोडणं आणि मग उघडणाऱ्यांनी हलकेच ओढणं. बिघाड बहुतेक वेळा या पहिल्या पायरीवर होतो.

याचं सगळ्यात भयंकर रूप म्हणजे दातखीळ. आज आपण हा शब्द भीतीने वाचा बसण्यासाठी वापरतो, पण धनुर्वातात ती अक्षरशः बसते. जखमेतले जंतू जे विष सोडतात ते नसांवाटे चढतं आणि स्नायूंना "सोडा" सांगणारी व्यवस्थाच बंद पाडतं. जबड्याच्या नसा आखूड, त्यामुळे विष तिथे लवकर पोचतं आणि सर्वांत आधी जबडा मिटतो. तो मिटतो याचं कारण मिटवणारे आणि उघडणारे दोघंही ओढायला लागले तर जिंकणार मिटवणारेच. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या आपटे आणि कर्नाड या डॉक्टरांनी 1995 साली एक साधी तपासणी छापून आणली. घशाच्या मागच्या भिंतीला चपट्या पट्टीने स्पर्श करायचा. निरोगी माणसाला उमासा येतो आणि तो पट्टी ढकलून देतो. धनुर्वाताचा रुग्ण पट्टी कडकडून चावतो. त्यांच्या पाहणीत धनुर्वाताच्या शंभरातल्या चौऱ्याण्णव रुग्णांत ती खूण दिसली आणि दुसऱ्या आजाराच्या एकाही रुग्णात दिसली नाही. ना रक्त काढायचं, ना मशीन लागायचं. आपल्या सरकारी रुग्णालयातल्या गर्दीतून आलेली ही गोष्ट जगभरच्या पुस्तकांत गेली याचा मला फार अभिमान वाटतो. लसीकरणामुळे आता असे रुग्ण विरळा, पण एक-दोन दिवसांत जबडा आवळत चाललाय, मान ताठ होतेय आणि आठवड्या-दोन आठवड्यांपूर्वी काही टोचलं किंवा खरचटलं होतं असा इतिहास असेल, तर दंतवैद्याकडे थांबू नका, थेट मोठं रुग्णालय गाठा.

दुसरं रूप अगदी उलटं दिसतं, तोंड उघडं राहून मिटतच नाही. मोठी जांभई दिली, खळखळून हसलं किंवा दंतवैद्याकडे तासभर आ करून बसलं की कधी कधी ते गोलसर टोक पुढे सरकता सरकता समोरच्या उंचवट्यापलीकडे जातं. जबडा निखळतो. लोकांना वाटतं मिटवणारे स्नायू सुटले. घडतं उलटंच. दुखावलेले मिटवणारे स्नायू आखडतात, जोरात वर ओढतात आणि टोकाला त्या उंचवट्याच्या पुढेच दाबून धरतात. मिटवणाऱ्यांनीच तोंड उघडं ठेवलेलं असतं. एकदा रात्री अकराला एका मावशींना त्यांचा मुलगा घेऊन आला. लाळ गळत होती, पदर तोंडाला लावलेला, डोळ्यांत पाणी आणि बोलता येईना. घरातल्यांनी आधी हनुवटी वर दाबून तोंड मिटवायचा प्रयत्न केला होता, आणि तीच चूक बहुतेक घरांत होते. मी त्यांना खुर्चीत खाली बसवलं, दोन्ही अंगठ्यांना गॉज गुंडाळला, खालच्या दाढांवर ठेवले आणि काही न करता मिनिटभर नुसतं बोलत राहिले, "मावशी, मान सैल सोडा, खांदे सोडा, मी आहे." हाताखाली मॅसेटर सैल पडल्याचं कळलं तेव्हा आधी खाली दाबलं, मग मागे. खट्‌कन आवाज येऊन जबडा बसला. अंगठ्यांना गॉज एवढ्यासाठी की बसताना दाढा जोरात मिटतात. सुश्रुतसंहितेत निखळलेल्या हनुसंधीला, म्हणजे जबड्याच्या सांध्याला, आधी शेक, मग हाड जागेवर आणणं आणि मग पंचांगी बंध ही पट्टी, असा क्रम आहे. शेक आधी का, ते अशा रात्री हाताला कळतं. पुढे दोन-तीन आठवडे मोठा घास नाही, आणि जांभई आली की चुटकी वाजवत बसण्यापेक्षा हनुवटीखाली मूठ धरायची.

दात खाण्याबद्दल थोडं. लेकरू झोपेत दात खातं म्हणजे पोटात जंत झाले असं घरोघरी सांगतात. जंतांचं औषध इतर कारणांसाठी जरूर द्या, पण मुलांचं दात खाणं बहुतेक वेळा वयाबरोबर आपोआप जातं. मोठ्यांत मला जास्त त्रास दिसतो तो दिवसा दाढा आवळून धरण्याचा. गाडी चालवताना, मोबाइलवर टाइप करताना, हिशेब करताना. स्वस्थ बसलेल्या माणसाचे ओठ मिटलेले पण वरचे-खालचे दात दोन-चार मिलिमीटर सुटे असायला हवेत. हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं, दात कायम मिटलेलेच असतात असा त्यांचा समज असतो. खरं तर दिवसभरात दात एकमेकांना टेकतात तो वेळ अर्ध्या तासाच्याही आतला. बाकी वेळ ते आवळलेले असतील तर मॅसेटर दुखतो, आणि तो दुखणं स्वतःच्या नावावर येऊ देत नाही, दाढेच्या नाहीतर कानाच्या नावावर पाठवतो. प्रॅक्टिसच्या दुसऱ्या वर्षी मी एका शिक्षिकेच्या खालच्या दाढेचं रूट कॅनाल केलं. एक्सरेत दाढ स्वच्छ होती, पण ती बाई बोट ठेवून तीच दाढ दाखवत होती. रूट कॅनाल नीट झालं आणि दुखणं तसंच राहिलं. तीन आठवड्यांनी तिच्या गालावर जबड्याच्या कोपऱ्याजवळ सहज दाबलं तर ती दचकली, "हेच, हेच दुखतं, इथून दाढेत जातं." वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे दिवस होते आणि ती रोज रात्री दाढा आवळून बसत होती. त्या बाईंची निरोगी दाढ माझ्या हातून गेली याची रुखरुख अजून आहे. तेव्हापासून दाढेला हात लावण्याआधी गाल आणि कानशील दाबून पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

सांध्याचं थोडक्यात सांगते. आधी काही महिने उघडताना कट्‌कट् आवाज यायचा, तो एक दिवस थांबला आणि त्याच दिवसापासून तोंड दोन बोटांवर अडकलं, तर आतली गादी सरकून टोकाच्या वाटेत आलेली असते. टोक फिरतं पण पुढे घसरत नाही. लहान मुलांची गोष्ट वेगळी आहे आणि ती कुणी दुर्लक्षित करू नये. मूल हनुवटीवर पडतं, हनुवटीला दोन टाके पडतात, कानापुढची मोड कुणाच्या लक्षात येत नाही आणि वर्ष-दोन वर्षांत सांधा हाडाला हाड चिकटून बंद होतो. नऊ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली होती. पडलेल्या दुधाच्या दाताच्या फटीतून आई तिला बोटाने खिचडी सारायची, आणि चार वर्षं तसंच चाललं होतं. हनुवटीवर पडलेल्या मुलाचं तोंड महिनाभर दर आठवड्याला तीन बोटं उघडतंय का, एवढं आईवडिलांनी पाहिलं तरी असे कितीतरी सांधे वाचतील.

आता काकांकडे. तुम्ही लिहिलेलं वाचताना मला दिसतं ते हे: हळूहळू, महिन्यामहिन्याने, न दुखता. मेडियल टेरिगॉइडमध्ये पू झाला तर दोन दिवसांत ठणका लागतो. गादी सरकली तर एका दिवसात अडकतं. न दुखता सरकत सरकत कमी होणं म्हटलं की आमच्याकडे पहिला प्रश्न एकच असतो. खर्रा खातात का? पश्चिमेकडे मावा म्हणतील, कुठे गुटखा, कुठे नुसती सुपारी. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी पन्नीत घोटलेला खर्रा विदर्भात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. आणि दोष फक्त तंबाखूचा नाही. सुपारी स्वतःच गालाच्या अस्तराखालचं मऊ जाळं ताठ तंतूंनी भरून टाकते. 1952 मध्ये श्वार्ट्‌झ यांनी पूर्व आफ्रिकेत राहणाऱ्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात हा आजार पाहून नोंदवला. पुढच्याच वर्षी मुंबईत डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याला सबम्युकस फायब्रोसिस हे नाव दिलं, आणि तेच आजवर चालत आलंय. सुपारीत तंबाखू मिसळलेली नसली तरी ती कर्करोगकारक आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था 2004 पासून सांगते.

या आजारात सुरुवातीला स्नायू धडधाकट असतात. मिटवणारे सोडायला तयार, उघडणारे ओढायला तयार, पण गालच लांबत नाही. बोट गालाच्या आत, ओठांच्या कोपऱ्यापासून मागे फिरवलं तर उभ्या दोऱ्या लागतात. अस्तर पांढुरकं, संगमरवरासारखं दिसतं. तिखट झोंबतं, ठेच्याचं नाव काढलं तरी नको होतं. शिट्टी वाजत नाही, गाल फुगत नाहीत. पुढे वर्षानुवर्षं हालचाल न झाल्याने टेम्पोरॅलिसचा कंडरा (हाडाला धरणारं त्याचं चिवट टोक) आणि मॅसेटरही आखडतात. म्हणून शस्त्रक्रियेत नुसत्या दोऱ्या कापून भागत नाही असे पेशंट असतात. कित्येकदा टेम्पोरॅलिस ज्या शिंगाला धरून असतो ते शिंगच काढावं लागतं. टेबलावर, बेशुद्ध माणसाचं तोंड 40 मिलिमीटर उघडलेलं पाहून समाधान वाटतं, पण ते तिथे टिकवायचं काम तुमच्या शास्त्राचं आहे. जखम भरताना ती आकसते, आणि व्यायाम सोडला की तीन महिन्यांत जैसे थे.

काकांना आधी आरशासमोर बसवा. त्यांची स्वतःची तर्जनी, मधलं आणि अनामिका, तिन्ही उभी एकावर एक, वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का पाहा. मोठ्या माणसात 35 मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे कमीच. उघडताना हनुवटी एका बाजूला जाते का पाहा. कानापुढे बोट ठेवून टोक घसरतंय का बघा. गाल आणि कानशील दाबा. मग टॉर्च घेऊन तोंडाच्या आत, अगदी मागे अक्कलदाढेपलीकडे पाहा. तिथे न भरणारा व्रण, लाल-पांढरा चट्टा, कडक गाठ, कान दुखणं किंवा मानेत गाठ असेल, तर व्यायामाचं नावही काढू नका. मागच्या बाजूचा कर्करोग मेडियल टेरिगॉइडमध्ये शिरला की तोंड असंच मिटत जातं, आणि अशा वेळी दोन महिने "ओढून उघडा" असा व्यायाम करण्यात गेलेले पेशंट मी पाहिलेत. हातावर मोजण्याइतके असले तरी ते विसरता येत नाहीत. चट्टा दिसो न दिसो, काकांना या आठवड्यातच जवळच्या सरकारी दंत महाविद्यालयात दाखवा. बायोप्सी सांगितली तर घाबरू नका, ती कातडीचा एक बारीक तुकडा घेण्याइतकी छोटी असते.

फायब्रोसिसच निघाला आणि कर्करोग नसल्याची खात्री झाली, तर सुपारी त्याच दिवशी बंद. झालेल्या दोऱ्या सुपारी सोडल्याने विरघळत नाहीत हे त्यांना आधीच सांगा, नाहीतर महिन्याभरात "सोडूनही फरक नाही" म्हणून पुन्हा सुरू करतात. सोडायची ती पुढचं वाचवायला.

व्यायामाला आम्ही आइस्क्रीमच्या लाकडी काड्या देतो. एक काडी साधारण दीड-दोन मिलिमीटर जाड. आज दाढांमध्ये एकावर एक बारा जात असतील तर बारा घालायच्या, मिनिटभर तसंच बसायचं, नाकाने श्वास, खांदे सैल. मिटवणारे स्नायू ओढ लागली की आधी उलटे आवळतात, त्यांनी सोडेपर्यंत थांबायचं. सोडलं की तेरावी काडी मध्ये सरकवायची, कडेला नाही. दिवसातून पाच-सहा वेळा, कोमट पाण्याचा शेक घेतल्यावर. जोर करून, कळ येईपर्यंत उघडायचं नाही. कळ आली की स्नायू पुन्हा धरतो आणि दिवस वाया जातो. दर रविवारी काड्या मोजून कॅलेंडरवर आकडा लिहायचा. माझे एक पेशंट, ऑटो चालवतात, त्यांनी शस्त्रक्रियेनंतर सव्वा वर्ष असे आकडे लिहिले. सतरापासून सुरुवात होती. मागच्या महिन्यात कॅलेंडर घेऊन आले तेव्हा शेवटचा आकडा बावीस होता, आणि येताना पोरीने केलेली बाजरीची भाकरी आणि ठेचा खाऊन आले होते.